बात्सिराई दोन्हीकडे आलं होतं

मॉरिशसचा फोटो टाकला की खाली ठरलेल्या कमेंट येतात. "मजा आहे बाबा तुझी!" "स्वर्गात राहतोस की!" मादागास्करचा टाकला की रडका इमोजी आणि "अरेरे, किती गरिबी". मी सहा वर्षं एका कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटीच्या कामावर मॉरिशसला होतो. कंपनीचं दुसरं युनिट मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिव्होला होतं, तिथे वर्षातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. विमानाने जेमतेम दोन तास. समुद्र तोच, उन्हाळा-पावसाळा तेच, दोन्हीकडे फ्रेंच बोलून भागतं. मग एकीकडे स्वर्ग आणि दुसरीकडे अरेरे, हे कसं? मला ते २०२२ च्या फेब्रुवारीत थोडंफार उमगलं, आणि तेही किनाऱ्यावर नाही, दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत.

बात्सिराई नावाचं चक्रीवादळ येत होतं. मॉरिशसमध्ये वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिल्याला लोक फक्त रेडिओचा आवाज वाढवतात. तिसरा लागला की कारखाने, ऑफिसं, बस, सगळं बंद, सरळ घर गाठायचं. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत नोंदले गेले, आता दाराबाहेर पाऊल नाही. मॉरिशसच्या कात्र-बोर्न शहरात मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. सगळी गल्ली त्यांना 'तांतीन' म्हणायची, म्हणजे क्रिओलमध्ये, तिथल्या बोलीभाषेत, मावशी-काकू, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला आलेले. तांतीनना मराठी येतं ते भजनापुरतं. बोलणं सगळं क्रिओल, पण गणपतीची आरती खडखडीत पाठ. (गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, हे सांगितलं की आपल्याकडच्यांना का कोण जाणे फार बरं वाटतं.)

तर वादळाच्या दिवशी तांतीन काय करत होत्या? मेणबत्त्या काढून ठेवल्या, बादल्या भरल्या, डाळ शिजत घातली आणि पत्ते काढले. मी घाबरलेला. त्यांनी छताकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "बेतों!" काँक्रीट. विषय संपला. रात्रभर बाहेर जे काही चाललं होतं ते ऐकून माझी झोप उडाली, पण सकाळी आमच्या गल्लीत झाडाच्या फांद्या, एक उडालेला पत्रा आणि गेलेली वीज, एवढंच. दुसऱ्या दिवशी वीजही आली.

तेच वादळ तीन दिवसांनी, ५ फेब्रुवारीच्या रात्री, मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर मानांझारी गावावर आदळलं. १२१ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त आत डोंगराकडच्या एकाच जिल्ह्यात, इकोंगोमध्ये. लाखभर लोक घरादाराला मुकले.

आमच्या शिलाईच्या लाइनवर त्या मानांझारीकडची एक पोरगी होती. मॉरिशसच्या कारखान्यांत बांगलादेशी, भारतीय, मालागासी (म्हणजे मादागास्करचे) कामगार कराराने येतात, कंपनीच्या डॉर्मिटरीत राहतात, तशीच ही. ओव्हरलॉकवर हात असा चालायचा की बघत राहावं. सोमवारी ती कामावर आली, पण सुईखाली कापड सरकेना. घरचा फोन लागत नव्हता. गावातला कुणाचाच लागत नव्हता. पाचव्या दिवशी लागला. माणसं वाचली होती, शाळेच्या इमारतीत होती. घर नव्हतं. त्या किनाऱ्यावर घरं रावीनालाची असतात, पंख्यासारख्या पानांचं ते झाड, त्याच्याच पानांचं छप्पर आणि त्याच्याच देठांच्या भिंती. मी मूर्खासारखं विचारलं, पक्कं का नाही बांधलं? ती म्हणाली, "मस्ये (साहेब), पक्कं बांधायलाच तर इथे आले."

राहणीमान म्हटलं की आपण दरडोई उत्पन्नाचा आकडा काढतो. मॉरिशसचं मादागास्करच्या वीसेक पट आहे. आकडा खोटा नाही, पण त्यातून काही दिसत नाही. वीस पट म्हणजे वीस पट भात खातात का? भाताच्या बाबतीत तर मालागासी माणूस आपल्यालाही हरवेल. त्यांच्या भाषेत जेवणं या क्रियेलाच 'भात खाणं' म्हणतात आणि भात तिन्ही त्रिकाळ. फरक आहे तो वादळ आल्यावर, मूल आजारी पडल्यावर, नोकरी गेल्यावर आपण किती खोल पडतो यात. मॉरिशसमध्ये सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. अंतानानारिव्होला आमच्या युनिटमधल्या एका मेकॅनिकच्या बायकोचं बाळंतपण होतं, तर तो सुट्टी घेऊन आधी औषधांच्या दुकानात गेला. हातमोजे, सुया, सलाईन, टाके घालायचा धागा, सगळं आपण विकत घेऊन दवाखान्यात न्यायचं. खेड्यांतल्या कितीतरी सरकारी शाळांमध्ये मास्तरांचा पगार पालकांची समिती वर्गणी काढून देते, आणि पैसे नसले की तांदूळ.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं मॉरिशसला समुद्रकिनाऱ्याने दिलं, असं बहुतेकांना वाटतं. रिसॉर्ट, पर्यटक, डॉलर, झालं श्रीमंत! मला हे अजिबात पटत नाही. किनाराच मोजायचा तर मादागास्करकडे हजारो किलोमीटर आहे. रिसॉर्टही आहेत. वायव्येला नोसी बे नावाचं बेट आहे, तिथे युरोपातून थेट विमानं उतरतात, इटालियन आणि फ्रेंच पर्यटक असतात, पाणी इतकं निळं की फोटोत खोटं वाटावं. हॉटेलच्या कुंपणाबाहेर आलं की बायका डोक्यावर पाणी वाहत असतात. रिसॉर्टमुळे गाव सुधारायचं असतं तर ते आधी तिथे दिसायला हवं होतं.

तांतीनची आई गवताच्या झोपडीत राहायची. 'लाकाझ लापाय' म्हणतात त्याला. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं वादळ आलं, त्यात ती झोपडी गेली, आणि बेटावरची तशी हजारो घरं गेली. म्हणजे त्या वर्षी तांतीनच्या घरची अवस्था आणि त्या पोरीच्या घरची अवस्था यात काडीचा फरक नव्हता. त्यानंतर सरकारने काँक्रीटच्या वसाहती बांधल्या, लोकांनी जमेल तसं एकेक खोली करत सपाट छपरांची घरं बांधली. आज मॉरिशसची गावं दिसायला कुरूप आहेत, राखाडी डबे नुसते, वर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या गंजक्या सळ्या. पर्यटक नाक मुरडतात. मला आता त्या सळ्या बघून बरं वाटतं.

१९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने मॉरिशसचं भविष्य अवघड असल्याचं सांगितलं होतं. लोकसंख्या भरमसाट वाढतेय, ऊस सोडून काही पिकत नाही, समाज जातीधर्मांत वाटलेला. मीडना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं, पण हा अंदाज साफ चुकला. का चुकला? थोडं नशीब होतं, ते कबूल केलंच पाहिजे. १९७५ पासून युरोपने दरवर्षी पाचेक लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचं कबूल केलं आणि तो भाव बरीच वर्षं जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट होता. पण पैसा येणं आणि मुरणं यात फरक असतो. साखरेवर निर्यात कर लागला, सरकारने तो शाळा-दवाखान्यांवर घातला. मळेवाल्यांनी, जे बहुतेक फ्रेंच वंशाचे, आपला नफा गिरण्यांत आणि हॉटेलांत गुंतवला. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा १९७० चा. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट. आमच्या कारखान्याच्या जुन्या लाइन सुपरवायझर बाया त्या फुकट शाळेतून थेट मशीनवर आलेल्या. आणि सरकारं निवडणुकीने बदलत राहिली, हेही आहे. हॉटेलं होती, पण ती बाकीच्या गाड्याबरोबर वाढली.

मादागास्करचं नेमकं उलट. १९६० मध्ये स्वतंत्र झालेला देश, मोठं युद्ध नाही, फाळणी नाही, आणि तरी माणशी उत्पन्न तेव्हापेक्षा आज कमी! जगात अशी उदाहरणं फार नाहीत. थोडं बरं चाललं की राजकारण कोसळतं. १९७२, १९९१, २००२ (एकाच वेळी दोन राष्ट्राध्यक्ष), मग २००९. त्या २००९ च्या सत्तापालटानंतर अमेरिकेने जकातमुक्त निर्यातीची सवलत काढून घेतली, ती २०१४ ला परत दिली. मधल्या काळात राजधानीतले कपड्यांचे कारखाने धडाधड बंद झाले. खुर्चीसाठी भांडले कोण, आणि नोकरी गेली कॉलर शिवणाऱ्या बाईची.

तरी ही तुलना मला पूर्ण न्यायाची वाटत नाही. मॉरिशस २,०४० चौरस किलोमीटरचं, साडेबारा लाख माणसांचं. दोन तासांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मादागास्कर ५,८७,००० चौरस किलोमीटर आणि तीन कोटींच्या आसपास लोक. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की जिल्हेच्या जिल्हे तुटतात. एवढ्या मोठ्या घराला काँक्रीट घालायला किती लागेल याचा हिशोब मॉरिशसच्या अनुभवावरून मांडता येत नाही.

आणि मॉरिशस म्हणजे रामराज्य, असंही कुणी समजू नये. परदेशी लोकांना विकायला बांधलेल्या व्हिलांनी किनाऱ्याकडच्या जमिनीचे भाव असे केलेत की आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलांनी तिकडे घर घ्यायचं स्वप्न सोडून दिलंय. खाण्याचं बरंचसं आयात, म्हणून महाग. मधुमेह घरोघरी. क्रिओल लोकांच्या, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या, वस्त्यांमध्ये जाऊन बघा, भरभराटीचा वाटा तिथे शेवटी पोहोचला, काही ठिकाणी पोहोचलाच नाही. १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा देश काही दिवस पेटला होता, तो उगाच नाही. अमेरिकी लष्करी तळासाठी चागोस बेटांवरून हाकलून आणलेली माणसं तर राजधानी पोर्ट लुईच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत म्हातारी झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय ६० वरून हळूहळू ६५ करायचं ठरलं, तेव्हा तांतीन फोनवर अर्धा तास सरकारला शिव्या घालत होत्या. त्यांना स्वतःला कधीचीच मिळतेय, तरीही. मला गंमत वाटली. चिडायला म्हातारपणाची पेन्शन आहे, हेच मुळात त्या दुसऱ्या बेटावरच्या बहुतेकांना परीकथेसारखं.

एक गोष्ट मात्र मला टोचते, आणि त्या व्यवहारात मीही होतो. मॉरिशसची मुलं शिकली, त्यांना शिलाई मशीन नको झालं. मग मालक मशीन घेऊन मादागास्करला गेले आणि उरलेल्या मशीनवर बसायला तिथली माणसं इकडे आणली. २०२२ ला तिकडचं किमान वेतन महिन्याला अडीच लाख आरिआरी होतं. ऐकायला भारी वाटतं, साठेक डॉलर होतात. मॉरिशसमध्ये त्याच्या साधारण चौपट. दर शर्टामागे किती सेंट वाचतात याचे तक्ते मी स्वतः बनवलेत. ती पोरगी त्या चौपटीसाठी आईला तीन वर्षं न बघता डॉर्मिटरीतल्या दुमजली पलंगावर झोपत होती, आणि तरीही म्हणायची की इथे बरं आहे, नळाला पाणी येतं.

२०२५ च्या सप्टेंबरात अंतानानारिव्होला पोरं रस्त्यावर उतरली ती याच नळासाठी आणि विजेसाठी. हातात पाण्याचे पिवळे कॅन. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षाला देश सोडून पळावं लागलं आणि सत्ता लष्कराने घेतली. बातम्या बघताना मी मनात कारखाने मोजत होतो, यावेळी कुठले बंद पडतील म्हणून.

ती मानांझारीकडची पोरगी आता गावी परतलीय. मध्यंतरी तिने घराचा फोटो पाठवला. विटांच्या दोन खोल्या, दाराला निळा रंग, दारात आई. छप्पर अजून पानांचंच. पत्र्याचे पैसे धाकट्या भावाच्या शाळेत गेले म्हणाली. मी तो फोटो तांतीनना पाठवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला असणार, कारण उत्तर संध्याकाळी आलं. निळ्या दाराबद्दल नाही, आईबद्दल नाही. एवढंच विचारलं, "तिकडे वादळं कुठल्या महिन्यात सुरू होतात?"

मी लिहिलं, तुमच्याकडे होतात तेव्हाच.