लॅम्बोर्गिनीने नाउरू बुडालं नाही

मामांनी घरच्या गटावर तो मेसेज परवा पुन्हा टाकला. या वर्षातली तिसरी वेळ. पाठवणारा दर खेपेला वेगळा, मजकूर तोच. प्रशांत महासागरात नाउरू नावाचा चिमुकला देश आहे; तिथे पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलं फॉस्फेट सापडलं आणि तो जगातला सर्वांत श्रीमंत देश झाला; मग लोकांनी काम सोडलं, कर नाही, वीज-दवाखाना सगळं फुकट; पोलीसप्रमुखाने लॅम्बोर्गिनी घेतली, पण सुटलेल्या पोटामुळे त्याला आत बसता येईना; खाऊन खाऊन अख्खा देश लठ्ठ झाला, फॉस्फेट संपलं आणि आता देश भिकेला लागलाय. तात्पर्य: फुकटचं खाणाऱ्याची हीच गत. त्याखाली आपल्याकडच्या योजनांचे पैसे घेणाऱ्यांना एक टोमणा.

यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर हा मेसेज इतकी वर्षं फिरतोय. फॉस्फेट होतं, पैसा आला, पैसा गेला, हे खरंच आहे. पण गोष्ट मधूनच सुरू केलीय आणि दोष भलत्याच्याच पदरात घातलाय.

‘फॉस्फेट सापडलं आणि देश श्रीमंत झाला.’ या एका ‘आणि’मध्ये जवळजवळ सत्तर वर्षं गडप झालीत. नाउरू म्हणजे विषुववृत्ताच्या किंचित खाली असलेलं, २१ चौरस किलोमीटरचं, समुद्रातून वर उचलल्या गेलेल्या प्रवाळाचं एकटं बेट. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईत अशी तीन बेटं बसतील. सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे बनाबा बेट, तेही सुमारे ३०० किलोमीटरवर. १८८८ मध्ये जर्मनीने नाउरू ताब्यात घेतलं. सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेला नाउरूचा दगड अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाने तपासून पाहिला आणि तो उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघाला. ही गोष्ट १९०० च्या सुमाराची. १९०७ पासून जहाजं भरून माल बाहेर जायला लागला. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा.

पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसात करार करून खाणकाम ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स या मंडळाकडे दिलं. राष्ट्रसंघाने या तिघांना बेट विश्वस्त म्हणून सोपवलं होतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. विश्वस्तांनी काय केलं? फॉस्फेट जागतिक भावाने न विकता, उत्पादनखर्चाच्या आसपासच्या दराने आपापल्या देशांतल्या शेतकऱ्यांना पुरवलं. ऑस्ट्रेलियाचा गहू आणि न्यूझीलंडची मेंढ्यांची कुरणं या स्वस्त खतावर वाढली. फुकटचं कोण खात होतं असा प्रश्न मेसेज विचारतो, तर त्याचं पहिलं उत्तर हे आहे.

मधे दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं. बाराशे नाउरूवासीयांना त्याने शेकडो मैलांवरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला ते परत आले तेव्हा ७३७ उरले होते. त्यांच्याकडे २६ ऑक्टोबरला ‘अंगाम’ नावाचा सण असतो. १९३२ मध्ये लोकसंख्या दीड हजारांवर पोहोचली म्हणून तो सुरू झाला. तेवढी माणसं नसतील तर आपली जमात टिकणार नाही, असं तेव्हा मानलं जात होतं. युद्धानंतर तो आकडा त्यांना पुन्हा पहिल्यापासून गाठावा लागला. ‘आळशी’ म्हणून ज्यांची टिंगल चालते, त्यांचे हे आईबाप आणि आजीआजोबा.

साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाने तोडगा सुचवला: बेट उकरून संपणारच आहे, तर तुम्ही सगळेच क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. पण तिथे स्वतःचं राज्य मिळणार नव्हतं. १९६४ मध्ये नाउरूने नकार दिला. ३१ जानेवारी १९६८ ला, ट्रुकहून परतलेल्या दिवशीच, हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. खाणीची यंत्रसामग्री मात्र त्यांना विकत घ्यावी लागली, २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून. ती हातात येईपर्यंत १९७० उजाडलं. तोवर फॉस्फेटच्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश उकरून झाली होती.

या एक तृतीयांशाची भरपाई मागायला नाउरू १९८९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. त्याआधी श्रीलंकेचे कायदेतज्ज्ञ क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने सगळ्या व्यवहाराची चौकशी केली होती. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं, हा खटलाच चालवू नका. १९९२ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली. त्यातले बरेचसे वीस वर्षांच्या हप्त्यांत. एवढा मोठा खटला त्या मेसेजात एका ओळीलाही पात्र ठरत नाही.

‘जगातला सर्वांत श्रीमंत देश.’ सरासरीपुरतं खरं, तेही थोडी वर्षं. १९७४ मध्ये मोरोक्कोने फॉस्फेटचा भाव चौपटीच्या वर नेला आणि सात-आठ हजार वस्तीच्या बेटाचं दरडोई उत्पन्न आकाशाला भिडलं. पण रॉयल्टी जमीनमालकाला मिळायची आणि जमिनी सारख्या नव्हत्या. ज्याचा तुकडा खाणीच्या पट्ट्यात त्याची चंगळ, बाकीच्यांना सरकारी पगार.

‘लोकांनी काम सोडलं.’ खाणीत चिनी मजूर आणि शेजारच्या गिल्बर्ट-एलिस बेटांवरचे लोक राबत, हे बरोबर. पण ती व्यवस्था नाउरूच्या लोकांनी लावली नव्हती. कंपनीने पहिल्या दिवसापासून कंत्राटी मजूर बाहेरून आणले, कारण ते स्वस्त पडत आणि कंत्राट संपलं की परत पाठवता येत. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकऱ्यांत गरजेपेक्षा जास्त माणसं भरली, हे मात्र मी मान्य करतो.

पण दुसरं काम कुठलं करायचं होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा नकाशा उघडून सांगावं. बेटाच्या कडेने दीडशे ते तीनशे मीटर रुंदीचा सपाट पट्टा आहे. घरं, नारळ, शाळा, विमानतळाची धावपट्टी, सगळं त्यावर. मधलं पठार, ज्याला तिथे ‘टॉपसाइड’ म्हणतात, म्हणजे बेटाचा जवळपास चार पंचमांश भाग. फॉस्फेट प्रवाळाच्या सुळक्यांच्या मधल्या फटींत भरलेलं होतं. ते क्रेनने उपसलं की मागे उरतात उघडे, करडे, दोन-तीन मजली उंचीचे चुनखडीचे सुळके. त्यावर नांगर चालत नाही, घर उभं राहत नाही, धड चालताही येत नाही. बेटावर नदी नाही. पाऊस लहरी, ‘ला निना’च्या वर्षी महिनोन्‌महिने दुष्काळ. पाणी म्हणजे पन्हाळीचं, नाहीतर समुद्राचं खारेपण काढून मिळवलेलं. आणि त्या यंत्राला लागते डिझेलवरची वीज. नैसर्गिक बंदर नाही. भोवतालच्या खडकापलीकडे समुद्र एकदम इतका खोल होतो की जहाजांना नांगर टाकता येत नाही. ती खोल समुद्रात रोवलेल्या तरंगत्या बोयांना बांधून ठेवायची आणि माल पडावांतून किनाऱ्याला आणायचा. समुद्र खवळला की तांदळाचं जहाज दिवसेंदिवस समोर दिसत असतं, पण तांदूळ ताटात येत नाही. अशा जागी कारखाना काढून माल कुणाला विकणार होते?

म्हणजे पैसा बेटाबाहेरच गुंतवावा लागणार होता, आणि त्यांनी तो गुंतवलाही. रॉयल्टीचा विश्वस्त निधी उभारला. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस बांधलं, १९७७ मध्ये. यातली एक गुंतवणूक तर आपल्या अंगणातली आहे, आणि मेसेज पाठवणाऱ्या कुणालाही ती माहीत नसते. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीत सुरू झाली. १९९३ मध्ये भारत सरकारने नाउरूचा वाटा विकत घेतला. त्याच कंपनीने २०२२ मध्ये गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना घेतला. खाणमालकाने खत कारखान्यात भागीदारी घेणं ही आळशी उधळ्याची खूण नाही.

आता लॅम्बोर्गिनी. घेतली असेल. बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम १९ किलोमीटरचा, त्यावर ती गाडी म्हणजे शुद्ध येडेपणा. पण हिशेब करा. ऐंशीच्या दशकात तसली गाडी फार तर लाख-दोन लाख डॉलरला मिळत असेल. विश्वस्त निधी भरात असताना १०० कोटी डॉलरच्या वर होता. तेवढ्यात तेव्हाच्या पाच-सहा हजार नाउरूवासीयांपैकी जवळपास प्रत्येकाला, तान्ह्या बाळासकट, एकेक लॅम्बोर्गिनी देता आली असती. गाड्यांनी एवढा निधी संपत नाही.

तो संपला दुसरीकडे. एवढ्याशा देशाने बोइंग विमानांची स्वतःची कंपनी चालवली. अर्ध्या प्रशांत महासागरावर ती रिकाम्या खुर्च्या घेऊन उडायची आणि दर वर्षी तोटा करायची. परदेशी सल्लागारांनी गळ्यात मारलेली हॉटेलं आणि मालमत्ता होत्या. एका सल्लागाराच्या नादाने १९९३ मध्ये लंडनला लिओनार्दो द विंचीवरच्या संगीत नाटकात सरकारने पैसा ओतला आणि ते सपशेल आपटलं. मग अर्थसंकल्पाची तूट भरायला निधीतूनच उचल, आणि मालमत्ता गहाण टाकून कर्जं. हप्ते थकले तेव्हा २००४ मध्ये नाउरू हाउस विकलं गेलं. डिसेंबर २००५ मध्ये शेवटचं विमान धनकोने उचलून नेलं. हे निर्णय घेणारे कोण? अठरा जणांची संसद आणि तिच्यातलं मूठभर मंत्रिमंडळ. निधीत किती उरलंय याचा हिशेब सामान्य माणसापर्यंत येत नव्हता. चोरी, भोळेपणा आणि हौस यांची टक्केवारी मी लावत बसणार नाही. पण ज्याने आयुष्यात वहीखातं पाहिलं नाही, त्याच्या पोटाकडे बोट दाखवून हसायचं, हा कुठला न्याय?

पोटाचंही सांगतो. नाउरूत मधुमेहाचं प्रमाण भयंकर आहे. सत्तरच्या दशकातल्या पाहण्यांपासून वैद्यकीय जगाला ते ठाऊक आहे. त्याआधी हे लोक खडकावरच्या उथळ पाण्यातून माशांची पिलं धरत, त्यांना हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावत आणि बुआडाच्या तळ्यात वाढवत. पुढे त्या तळ्यात तिलापिया मासा सोडला गेला आणि त्याने या मत्स्यशेतीची वाट लावली. जमीन खाणीत गेली. राहिला जहाजाने येणारा तांदूळ, साखर आणि डब्यातलं मांस. हेच खाऊन आपणही काही सडसडीत राहिलो नसतो.

‘आज देश भिकेला लागलाय.’ २००३ चं म्हणाल तर होय. त्या वर्षाच्या सुरुवातीला बेटाचा दूरध्वनी संपर्कसुद्धा काही आठवडे तुटला होता. त्याआधी नव्वदच्या दशकात त्यांनी फक्त कागदावर असणाऱ्या बँकांचे परवाने विकले. एकट्या १९९८ मध्ये रशियातून ७० अब्ज डॉलर या वाटेने गेले, असं तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या एका उपाध्यक्षाने सांगितलं होतं. हे नाउरूचं खरं पाप, आणि गंमत म्हणजे मेसेजात ते नाही. बहुधा त्यात हसण्यासारखं काही नसल्यामुळे.

आजचं चित्र मात्र वेगळं आहे. देश २१ चौरस किलोमीटरचा असला तरी त्याच्या हक्काचा समुद्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे, आणि त्यात ट्यूना मासा भरपूर. नाउरूच्याच नावाने १९८२ मध्ये झालेल्या करारातून शेजारी देशांनी एकजूट केली. आता परदेशी बोटींना मासेमारीचे दिवस मोजून विकले जातात, दिवसाला किमान आठ हजार अमेरिकी डॉलर या दराने. एकेकटे असताना हेच देश कवडीमोलाने परवाने देत होते. २०१४ मध्ये प्राप्तिकर सुरू झाला, २०१५ मध्ये नवा विश्वस्त निधी, आणि या वेळी विश्वासाला तडा जाऊ नये म्हणून देणगीदार देशही कारभारात. बेटावरच्या आयवो भागात आशियाई विकास बँकेच्या मदतीने खरंखुरं बंदर बांधायला घेतलंय.

उत्पन्नाचा दुसरा मोठा झरा मला रुचत नाही. समुद्रमार्गे आश्रय मागायला आलेल्यांना ऑस्ट्रेलिया २००१ पासून, मधली काही वर्षं सोडून, नाउरूत ठेवत आला आहे आणि त्याचे पैसे मोजत आला आहे. तिथे त्या माणसांचे जे हाल झाले, त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी वारंवार बोट ठेवलंय. पण पैसे देणारा हात कुणाचा, हेही बघा. बेट उकरून नेणाऱ्या तिघांतलाच तो एक.

आता समुद्र वर येतोय आणि लोक राहतात त्या अरुंद पट्ट्यावर. त्यांना वर, टॉपसाइडला, हलवायची योजना आखली आहे. तिच्यासाठी २०२५ पासून नाउरू एक लाख पाच हजार अमेरिकी डॉलरपासून पुढे नागरिकत्व विकतंय. एवढा पैसा लागण्याचं कारण साधं आहे. वर माती नाही, सुळके आहेत. घराचा पहिला दगड ठेवण्याआधी ते एकेक करून फोडावे लागणार आहेत. त्यांतले एक तृतीयांश मेसेजातली गोष्ट सुरू होण्याआधीचे.