‘म’वरचा धक्का: ‘21 दिवसांत दुप्पट वेग’ या संदेशाला उत्तर

गणपती जवळ आले की आमच्या सिंधुदुर्गात पेट्या बाहेर निघतात. भाते तपासले जातात, पावसाळी हवेत बसलेले सूर लावून घेतले जातात, आणि भजनी मंडळांच्या ग्रुपवर ‘बोटांची तयारी’ या विषयावरचे संदेश फिरू लागतात. यंदाचा संदेश पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांपर्यंतही पोहोचला. मी कुडाळात मुलांना पेटी आणि पियानो दोन्ही शिकवते. गेल्या पंधरा दिवसांत आठ-नऊ जणांनी मला तो पाठवून विचारलं, ‘ताई, हे करून घेऊ का?’ एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते.

संदेश थोडक्यात असा: वेग येत नाही कारण बोटं कमजोर असतात, त्यातही चौथं. म्हणून पट्ट्या जोरात दाबा, बोटं उंच उचला, चौथ्या बोटाला रबर बांधून ओढायचा व्यायाम करा. फक्त पांढरी एकची (C या पट्टीपासूनची) मेजर स्केल, म्हणजे सा ते सा शुद्ध स्वरांची रांग, घ्या, ती झाली की बाकीच्या आपोआप येतात. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, दर ठोक्याला चार स्वर, आणि रोज 5 ने वाढवा. चुकलं तरी थांबू नका. मनगट दुखलं तर समजा की हात तयार होतोय. रोज सलग एक तास, 21 दिवस. पेटी, कीबोर्ड, पियानो, सगळ्यांना हेच लागू.

यात एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे: रोज बसायला हवं. बाकीचं बघू.

आधी ताकद, कारण सगळा संदेश तिच्यावरच उभा आहे. पियानोची पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन पुरतं, म्हणजे एका मध्यम लिंबाएवढं. पट्टी खाली जाते ती जेमतेम एक सेंटिमीटर. माझ्याकडे येणारी बारा वर्षांची मुलगी आडाळ्यावर बसून दोन नारळ सहज खवते. तिच्या बोटांत लिंबाएवढी ताकद नाही असं मी कसं म्हणू? आणि पियानोच्या आत काय होतं तेही बघा. पट्टी तळाला टेकायच्या जरासं आधीच हातोडी तिच्यापासून सुटते आणि एकटी तारेकडे जाते. ती सुटल्यावर तुम्ही पट्टी कितीही दाबा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. तो जोर फक्त तुमच्या हातात अडकून राहतो, आणि पुढचं बोट उचलायला उशीर करतो.

आता चौथं बोट, म्हणजे अनामिका. हे वाचतानाच एक करून बघा. तळहात टेबलावर पालथा टेका. मधलं बोट आत दुमडून तळहाताखाली घ्या. बाकीची बोटं सरळ ठेवून एकेक उचला. अंगठा उठतो, तर्जनी उठते, करंगळीही उठते. अनामिका मात्र जागची हलत नाही. पहिलवानाचीही हलणार नाही. बोटं उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटांना जोडलेले असतात. तर्जनी आणि करंगळीला उचलण्यासाठी स्वतःचा असा एकेक वेगळा स्नायू आहे. अनामिकेला तो नाही, आणि हाताच्या पाठीवर तिची दोरी शेजारच्या दोऱ्यांना आडव्या धाग्यांनी बांधलेली आहे. ही हाताची घडण आहे, तिला कमजोरी म्हणता येत नाही. रबर ओढून ते धागे सुटणार नाहीत.

हा मोह जुना आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान विशीत होता तेव्हा बोटं बळकट करणाऱ्या यंत्रांचं युरोपात वेड होतं. त्यानेही असं एक साधन वापरलं. 1832 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचं बोट असं बिघडलं की पियानोवादक व्हायचं स्वप्न त्याला सोडावं लागलं. बिघाडाचं नेमकं कारण काय यावर आजही वाद आहेत, पण त्या साधनाने हात सुधारला असं कोणीच म्हणत नाही. त्याच पिढीतला पोलिश संगीतकार शोपाँ पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं पियानो शिकवत होता, आणि त्याचं म्हणणं अगदी उलट होतं: सगळी बोटं सारख्या ताकदीची करायचा प्रयत्न निसर्गाच्या विरुद्ध आहे, प्रत्येक बोटाचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम घ्यावं. मुलांना शिकवताना मला रोज याचा पडताळा येतो.

मग स्केल सारखी का वाजत नाही? माझ्या मते खरा प्रश्न हाच, आणि संदेशात त्याचा शब्दसुद्धा नाही.

वर सांगितलेल्या मुलीचे आजोबा भजनी बुवा. घरात पेटी, त्यामुळे ती लहानपणापासून पेटीवर पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, वाजवते, आणि झरझर वाजवते. यंदा वेंगुर्ल्याच्या एका जुन्या घरात पियानो आहे तिथे मी तिला घेऊन गेले. पावसाळ्यात त्या पियानोच्या दोन पट्ट्या फुगून अडकतात, पण बाकीचा ठीक आहे. तिने तीच स्केल वाजवली आणि स्वतःच थबकली. ‘ताई, असं काय येतंय?’ सा रे ग *म* प ध नि *सा*. दर सप्तकात मवर आणि वरच्या सावर धप्प असा ठोका. पेटीवर तो कधी ऐकू आलाच नव्हता, कारण पेटीचा आवाज भात्यावर चालतो. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, सूर तेवढाच. पियानोवर पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो, त्यामुळे बोटाची प्रत्येक लहर बाहेर येते.

उजव्या हाताने पांढरी एकपासून स्केल वाजवताना बोटं अशी पडतात: अंगठा, तर्जनी, मधलं, मग पुन्हा अंगठा. तो पुन्हा येणारा अंगठा म्हणजेच म. ग वाजून होईपर्यंत तो ‘सा’वरच निवांत बसून राहिला, तर शेवटच्या क्षणी त्याला हाताखालून उडी मारावी लागते. कोपर बाहेर फेकला जातो, मनगट वाकतं आणि हाताचं सगळं वजन मवर येऊन आपटतं. आम्ही हे फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि अर्ध्या वेगाने ऐकलं. धक्क्याच्या आधी एक बारीकशी पोकळी होती. अंगठा उशिरा पोहोचतो, तो उशीर भरून काढायला घाई करतो आणि जोरात पडतो.

घरी तिने आजोबांना ते ऐकवलं. पियानोला त्यांनी कधी हात लावलेला नाही. त्यांनी तिला पेटीवर बसवलं, डोळे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘बोटां बरी आसत गो बाय. अंगठो खंय अडकता तां बघ.’

एवढं बरोबर निदान त्या संदेशात कुठेच नाही. यावर उपाय असा: तर्जनी रे वाजवते त्याच वेळी अंगठ्याने सा सोडून आत सरकायला लागायचं. गची वेळ येईपर्यंत तो मच्या वर पोहोचून वाट बघत असायला हवा. हात थोडा थोडा उजवीकडे वाहत राहतो, झटका नाही. पुढे वेग वाढला की अंगठा हाताखाली फारसा जातही नाही, अख्खा हातच पुढच्या जागेवर सरकतो. म्हणून मी मुलांना स्केल सात सुटे स्वर म्हणून शिकवत नाही. तीन आणि चार असे दोन घास सांगते: सा रे ग एक, म प ध नि दुसरा. आधी सा रे ग तिन्ही एकदम दाबायचे, हात उचलून म प ध नि चारही एकदम दाबायचे. बेसूर वाटतं, चालेल. हाताला दोन जागा कळतात. मग तेच घास एकेक स्वर करून भराभर, प्रत्येक घासानंतर थांबून. मग थांबा लहान करत न्यायचा. शेवटी ‘सा रे ग म’ एवढंच, मवर थांबून, पुन्हा पुन्हा, कारण सांधा तिथे आहे.

आता ‘फक्त पांढरी एक घ्या’ हा सल्ला. वाचायला पांढरी एक सोपी, कारण सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. हाताला मात्र ती अवघड. शोपाँ विद्यार्थ्यांचा हात पहिल्यांदा ठेवायचा तो आपल्या भाषेत सांगायचं तर असा: अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. लांब बोटं उंच काळ्यांवर, आखूड बोटं खालच्या पांढऱ्यांवर. हात जसा असतो तसाच बसतो. स्केलची सुरुवात तो पांढरी सातपासून करवून घ्यायचा आणि पांढरी एकची सगळ्यात अवघड मानायचा.

पांढरी सातची मेजर एकदा वाजवून बघा. तिच्यात पाचही काळ्या येतात आणि पांढऱ्या दोनच: सा आणि म. उजवा अंगठा त्या दोघांवर, डावा अंगठाही त्याच दोघांवर. दोन्ही हातांचे अंगठे एकाच क्षणी येतात आणि एकाच क्षणी सरकतात. पांढरी एकला उजवा अंगठा मवर येतो, तर डावा पवर. दोन हातांचे सांधे वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणून गोंधळ. ज्या मुलांना ‘दोन्ही हात एकत्र येतच नाहीत’ असं वाटतं त्यांना मी पांढरी सात देते. पहिल्याच दिवशी चेहरे बदलतात. काळ्यांची भीती तर आपल्याकडे नसतेच, अर्धी भजनं काळीवरून गायली जातात.

मेट्रोनोम वाईट नाही. मीही वापरते. पण संदेशातला हिशेब करून बघा. 60 वर सुरू करून रोज 5 वाढवले तर 21 व्या दिवशी आकडा येतो 160. दर ठोक्याला चार स्वर म्हणजे सेकंदाला साडेदहाहून जास्त. हा मैफलीतल्या कसलेल्या पियानोवादकाचा वेग झाला, आणि संदेश तो तीन आठवड्यांत शाळकरी पोराकडून मागतो. त्यावर ‘चुकलं तरी थांबू नका’. हात चूकसुद्धा पाठ करतो. मवरचा धक्का 60 ला होता तो 100 ला घट्ट होतो, आणि मग काढायला महिने लागतात. मी एका बैठकीत आकडा वरही नेते, खालीही आणते. हळू वाजवताना ऐकायचं, मध्येच लहान तुकडा पूर्ण वेगाने मारून बघायचा, परत हळू. नुसतं हळू वाजवत राहिलं तरी वेग येत नाही हेही खरं, कारण वेगातली हालचाल वेगळी असते. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते आदल्या दिवशीचा आवाज ठरवेल.

बोटं उंच उचलण्याबद्दल एवढंच: सेकंदाला आठ स्वर वाजवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. तेवढ्यात बोटाने दोन इंच वर जाऊन परत यायचं कशाला?

मनगटाच्या दुखण्यावर मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. विशीत मी मुंबईत एका क्लासला जायचे. तिथे हाच मंत्र होता, दुखेपर्यंत वाजवा. मी वाजवलं. एका सकाळी उजव्या हाताने दाराची किल्ली फिरवता येईना. पोह्यांवर लिंबू पिळता येईना. चार महिने वाजवणं पूर्ण बंद होतं, आणि नंतर साधी स्केल मी पहिल्यापासून शिकले, या वेळी नीट. थकवा वेगळा, तो थोड्या विश्रांतीने जातो. दुखणं, मुंग्या येणं, बोट बधिर होणं ही थांबायची खूण आहे, आणि दोन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं. व्यावसायिक वादकांत शंभरात एखाद्याला असा विकार होतो की वाजवायला बसलं की बोट आपोआप आत वळतं आणि ऐकत नाही. अति आणि ताणून केलेला सराव त्याच्या कारणांत धरला जातो. बारा वर्षांच्या मुलाला ‘दुखलं म्हणजे तयारी’ असं कृपा करून कोणी सांगू नका.

राहिले 21 दिवस आणि सलग तास. 21 हा आकडा 1960 मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनमुळे पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तीन आठवडे लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा बोटांच्या वेगाशी संबंध नाही. आणि शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, हे बोटांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून माझ्याकडची मुलं सकाळी शाळेआधी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर दहा मिनिटं स्केल वाजवतात. विसाव्या मिनिटाला कान ऐकेनासा झाला की नुसती बोटं फिरतात, त्यातून काही मिळत नाही.

ज्यांच्याकडे पेटीच आहे त्यांनी जोराची चिंता सोडावी आणि जोड ऐकावा. आधीची पट्टी उशिरा सुटली तर दोन सूर एकमेकांत मिसळतात, लवकर सुटली तर भोक पडतं. भाता एकसारखा ठेवून हे ऐकलं की अंगठा तिथेही पकडला जातो. साध्या कीबोर्डवर बोटाच्या जोराने आवाज बदलत नसेल तर त्यालाही हेच लागू.

त्या मुलीने परवा पुन्हा वेंगुर्ल्याला वाजवलं. मेट्रोनोम 72. वर जाताना मवरचा धक्का आता शोधावा लागतो. उतरताना मात्र मधलं बोट अंगठ्यावरून उडी घेतं तिथे, गवर, अजून येतो. या आठवड्यात तेवढंच घेतलंय: प, म, ग, आणि थांबायचं.