काळं कापड घरीच ठेवा

मॅक्रो, म्हणजे किड्यांसारख्या इवल्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो, काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: ‘काळीकुट्ट पार्श्वभूमी हवी तर किड्यामागे काळं कापड धरा, नाहीतर रात्री जा, तेही नको तर शटरचा वेग १/४००० सेकंदावर न्या. बाकी कुणी दाखवली तर ती फोटोशॉपची.’

कापडापासून सुरुवात करू. काळं कापडही पडलेल्या उजेडातला थोडा परत पाठवतंच. किड्याच्या दोन बोटं मागे धरलं, की फ्लॅश त्यावर जवळजवळ तितक्याच जोराने आदळतो आणि फोटोत राखाडी पडदा उमटतो, सुरकुत्यांसकट. मखमल त्यातल्या त्यात बरी, पण तिच्यावरचा प्रत्येक धूलिकण चमकतो. शिवाय कापड सरकवेपर्यंत किडा उडालेला असतो, ते वेगळंच.

खरं काम अंतर करतं. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या पटीत घटतो. समजा, पान किड्याच्या ७० सेंटीमीटर मागे आहे. डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) किड्यापासून १० सेंटीमीटरवर आणला, तर पानावर किड्याच्या तुलनेत चौसष्टावा भाग उजेड पोचतो, म्हणजे सहा स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तोच डिफ्यूझर ३० सेंटीमीटरवर ठेवला, तर फरक अकरा पटींवर येतो, जेमतेम साडेतीन स्टॉप. पान जागचं हललेलं नाही, तरी काळं होतं ते गडद हिरवं झालं. डिफ्यूझर मोठा आणि अगदी जवळ असला की हे गणित काटेकोर जुळत नाही; कल मात्र हाच राहतो. म्हणून मी आधी कोन बदलतो: किड्यामागे खोडाऐवजी मोकळी जागा येईल असा.

रात्रीचंही तसंच. खोड इंचभर मागे असेल तर मध्यरात्रीही ते उजळणार. उलट दिवसा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० आणि लेन्सचं छिद्र एफ/११ वर उन्हातलं गवत एरवी व्यवस्थित उजळ येतं. पण एकास एक आकाराला, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्स सुमारे दोन स्टॉप उजेड खाते, आणि गवत सावलीत असेल तर अंदाजे आणखी तीन जातात. पाच स्टॉप गेले की उरतं काय? छिद्र आणखी लहान, एफ/१६ केलंत तर तेवढंही नाही. फ्लॅशची ताकद मात्र तितकी वाढवावी लागते. खात्री हवी असेल तर फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो काळा आला, तर भोवतालच्या उजेडाचा प्रश्न मिटला.

१/४००० चा सल्ला सगळ्यात फसवा. सिंक स्पीडपर्यंत, म्हणजे फ्लॅशच्या एका झटक्यात पूर्ण फोटो उजळतो त्या सर्वात जलद शटरपर्यंत (बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०), शटर वाढवलं की फक्त भोवतालचा उजेड कमी होतो. त्यापुढे हाय-स्पीड सिंक या फ्लॅशच्या खास पद्धतीत फ्लॅश एका झटक्याऐवजी सलग लुकलुकत राहतो. मग शटर भोवतालाबरोबर फ्लॅशचा उजेडही कापतं. दोघांतलं प्रमाण जिथल्या तिथे, आणि फ्लॅशची ताकद मात्र संपत आलेली.

फोटोशॉपच्या आरोपाला फार शब्द खर्चायला नकोत. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली) उघडा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळपणाचा आलेख, डाव्या, काळ्या बाजूच्या भिंतीला टेकलेला दिसेल.

काळ्या मुंगीसाठी मात्र हे सगळं उलटं करतो. तिचे पाय आणि मिशा त्या अंधारात विरून जातात, म्हणून तिच्यामागे पाच-सहा सेंटीमीटरवर मुद्दाम एक हिरवं पान येऊ देतो.