नकार पुसून टाकता येत नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा आहे की, स्वतःच्या वेबसाइटची लिंक इतरांच्या पानांवर मिळावी म्हणून ज्या वेबसाइटना ईमेल पाठवायचे त्यांची मी सुचवली तितकी बारीक नोंद ठेवणे ही निव्वळ कारकुनी आहे. आपल्या मते जितके ईमेल जास्त तितक्या लिंक जास्त, आणि नकार देणाऱ्या किंवा उत्तरच न देणाऱ्या वेबसाइट यादीतून सरळ काढून टाकाव्यात. शिवाय डोमेन ऑथॉरिटीच्या आकड्यावरून यादी गाळण्याचा माझा सल्लाही आपल्याला चुकीचा वाटला.

या दुसऱ्या मुद्द्यावर आपले म्हणणे मला मान्य आहे. डोमेन ऑथॉरिटी हा एखादी वेबसाइट शोधाच्या निकालांत किती वर येऊ शकेल याचा मॉझ या कंपनीने काढलेला अंदाज आहे. गूगल तो आकडा क्रमवारीसाठी वापरत नाही. केवळ त्याच्या आधारे गाळणी लावली, तर एखाद्या विषयाला वाहिलेली नवी, लहान पण उत्तम वेबसाइट पहिल्याच फेरीत बाहेर पडते आणि विकाऊ लिंकांनी भरलेली जुनी वेबसाइट आत राहते. तो परिच्छेद मी बदलणार आहे. त्याऐवजी मी आता असे म्हणेन की, आपला दुवा नेमका कोणत्या पानावर वाचकाच्या उपयोगी पडेल, त्या पानाचा पत्ता लिहिता आला तरच ती वेबसाइट यादीत घ्यावी. हा पत्ता पान उघडून वाचल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि तेवढ्या वाचनात ती वेबसाइट जिवंत आहे की नाही हेही कळते.

नकारांबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. काही वर्षांपूर्वी मी दोन वेगळ्या शोधांतून दोन याद्या तयार केल्या होत्या. एका यादीत वेबसाइटचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह होता, दुसरीत त्याविना, त्यामुळे स्प्रेडशीटच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या वेबसाइट होत्या. तिथल्या संपादिकेने पहिल्या ईमेलला अतिशय सौजन्याने आणि कारण देऊन नकार कळवला होता. उत्तर आल्यावर मी ती ओळ पुसून टाकली, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या यादीतून त्यांना तोच ईमेल पुन्हा गेला, जणू आमचा कधी परिचयच झाला नव्हता. आपण याविषयी आधीच बोललो आहोत, एवढेच त्यांनी लिहिले. ज्यांनी माझ्यासाठी वेळ खर्च केला त्यांचे उत्तर मी लक्षातही ठेवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपण सुचवता ती पद्धत नेमकी इथे अडते. नकार देणारी वेबसाइट यादीतून काढली, तरी ती शोधाच्या निकालांतून जात नाही. पुढच्या शोधात ती पुन्हा सापडते आणि नवी म्हणून दाखल होते. कायद्याची बाजूही हेच सांगते. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनुसार थेट विपणनाला हरकत घेणाऱ्या व्यक्तीची माहिती त्या कारणासाठी पुढे वापरता येत नाही, आणि अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात व्यापारी ईमेल थांबवण्याची विनंती १० कामकाजी दिवसांत अमलात आणावी लागते. कोणाला लिहायचे नाही हे लक्षात ठेवायचे, तर त्याची किमान नोंद जवळ असावीच लागते.

म्हणून यादीत प्रत्येक डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातील मूळ नावाची, एकच ओळ असावी, असा माझा आग्रह आहे. पत्त्यातील एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि शेवटची तिरकी रेघ काढून टाकली की बहुतेक दुबार नोंदी उघड होतात. मात्र पत्त्याचे शेवटचे दोन भाग म्हणजे डोमेन, असा सरधोपट नियम लावू नये. डॉट सीओ डॉट यूकेवर संपणाऱ्या साऱ्या वेबसाइट त्यामुळे एकच ठरतील आणि ब्लॉगस्पॉटवरील असंख्य स्वतंत्र लेखकही एका ओळीत कोंबले जातील. मोझिलाची पब्लिक सफिक्स लिस्ट, म्हणजे ज्यांच्याखाली वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्र नावे घेता येतात अशा पत्त्यांच्या शेवटांची यादी, याच अडचणीसाठी आहे. याउलट, एकाच संपादकाकडे तीन वेबसाइट असू शकतात. त्यामुळे व्यक्तीचा रकाना वेगळा हवा.

संख्या वाढवण्याविषयी थोडेसे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच प्रेषकांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम (ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पडताळण्याच्या पद्धती) आवश्यक केले आहे आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे हजारामागे तीन तक्रारींपेक्षाही कमी. दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना डीएमएआरसीही (ही पडताळणी फसली तर ईमेलचे काय करावे हे सांगणारी नोंद) लागते. पारखून न घेतलेल्या यादीवर ईमेलचा मारा केला की ही मर्यादा फार लवकर गाठली जाते, आणि मग ज्यांना खरोखर लिहायचे होते त्यांच्यापर्यंतही आपला ईमेल पोहोचत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की, उत्तर न देणाऱ्याला किती वेळा लिहावे. मी साधारण आठवड्याने एकच आठवण पाठवतो आणि तिथे थांबतो. पुन्हा लिहायचे तर दाखवण्यासारखे नवे काही हाती असावे, आणि तेही कित्येक महिन्यांनी. आपल्याकडे आजवरच्या नकारांची नोंद नसेल, तर ती अजूनही उभी करता येईल. पाठवलेल्या ईमेलपासून सुरुवात न करता आलेल्या उत्तरांपासून करावी. उत्तरे संख्येने थोडी असतात, आणि 'नाही', 'आत्ता नाही' व 'पुन्हा लिहू नका' यांतला फरक ती वाचतानाच कळतो. तो फरक त्याच वेळी, शक्यतो समोरच्याच्या शब्दांत, डोमेनसमोर लिहून ठेवावा.