मॅग्नम काडतुसांची फुगवलेली ताकद

रिव्हॉल्व्हरने करायच्या शिकारीविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: .४४ मॅग्नम (मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा जास्त जोराचे) हे जगातील सर्वांत शक्तिशाली रिव्हॉल्व्हर काडतूस आहे. त्याची गोळी लागली की जनावर फेकले जाऊन जागीच आडवे होते. त्याहून मोठा बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, घेतला तर नेम थोडा चुकला तरी भागते. आणि असे हत्यार असल्यावर रायफलीची गरज उरत नाही. यातील तिसरे विधान पहिल्याला खोडून काढते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे हा विषय मुख्यतः अमेरिकेचा आहे आणि पडताळणीही तिथल्याच काडतुसांच्या आधारे करावी लागते.

पहिले विधान एके काळी बरेचसे खरे होते. एल्मर कीथ या आयडाहोच्या शिकारी-लेखकाने .४४ स्पेशल काडतुसात जास्त दारू भरून वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि त्यांतूनच १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर व रेमिंग्टनचे .४४ मॅग्नम काडतूस अवतरले. १९७१ च्या एका अमेरिकी पोलीसपटाने त्याला ‘जगातील सर्वांत शक्तिशाली’ ठरवले आणि ते बिरूद कायमचे चिकटले. वास्तविक अमेरिकी बंदूक-कारागीर डिक कॅसूल यांनी .४५४ कॅसूल हे काडतूस १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सिद्ध केले होते. फक्त ते झेपणारे फ्रीडम आर्म्स या कंपनीचे रिव्हॉल्व्हर बाजारात येण्यास १९८३ उजाडले. दारू जळताना आत निर्माण होणाऱ्या दाबाची मान्य मर्यादा .४४ मॅग्नमसाठी चौरस इंचाला ३६,००० पौंड आहे, तर .४५४ साठी ६५,०००. म्हणूनच त्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये सहाऐवजी पाचच काडतुसे बसतात. उरलेली जागा पोलादी भिंतींना लागते. पुढे २००३ मध्ये .५०० स्मिथ अँड वेसन आले, आणि .४४ चा नंबर आणखी खाली गेला. नळीच्या तोंडाशी .४४ ची ऊर्जा साधारण १,३०० ज्यूल भरते, .५०० ची ३,३०० च्या घरात जाते.

नावातील आकड्यांवरही फार विसंबू नये. .४४ ची गोळी प्रत्यक्षात सुमारे .४२९ इंच व्यासाची असते, आणि .४५४ व .४६० (स्मिथ अँड वेसनचे आणखी एक काडतूस) या दोन्हींत .४५२ इंचाचीच गोळी असते.

जनावर फेकले जाते, हे मात्र कोणत्याही बोअरच्या बाबतीत खरे नाही, आणि ते साध्या हिशेबाने दाखवता येते. .५०० ची २६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५१० मीटर वेगाने सुटते असे धरले, आणि ती ७० किलोच्या हरणाच्या अंगात पूर्ण थांबली असे मानले, तरी त्या हरणाला मिळणारा वेग सेकंदाला १९ सेंटीमीटर असतो. रांगते मूल याहून वेगाने पुढे सरकते. शिवाय जेवढा धक्का हरणाला, निदान तेवढा मागे चाप ओढणाऱ्यालाही बसतो, आणि तो काही उलटून पडत नाही. हरीण जागीच कोसळते ते मेंदू किंवा कणा दुखावल्यावर. हृदय-फुप्फुसांतून गोळी आरपार गेलेले हरीणसुद्धा अनेकदा पन्नास-शंभर मीटर धावते आणि मग पडते. म्हणून अनुभवी शिकारी ऊर्जेच्या आकड्यापेक्षा गोळीची घडण पाहतात: कडक शिशाची, सपाट तोंडाची जड गोळी खोलवर जाते, तर पोकळ टोकाची गोळी लवकर फुलते आणि मोठ्या जनावरात उथळच राहू शकते.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. मोठ्या बोअरमुळे छिद्र एक-दोन मिलिमीटरने रुंदावते, पण पोटात लागलेली गोळी त्यामुळे फुप्फुसात जात नाही. उलट धक्का वाढला की नेमबाज चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, मनगट ताठ करतो आणि नळी खाली झुकवतो. .५०० चे लांब नळीचे रिव्हॉल्व्हर दोन किलोंचे असूनही मुठीकडे ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेगाने उसळू पाहते. नवख्याचे बोट त्या उसळीत पुन्हा चापावर आवळले जाऊन दुसरी गोळी आभाळाकडे सुटू शकते, आणि म्हणूनच जाणकार पहिल्या खेपेस सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरून देतात. ज्याला .४४ ने पन्नास यार्डांवर ताटलीएवढ्या वर्तुळात सगळ्या गोळ्या बसवता येत नाहीत, त्याने .५०० विकत घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

राहिला रायफलीचा मुद्दा. .५०० ची तोंडाशी असलेली ऊर्जा .३०८ या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या जवळपास पोहोचते, हे खरे. परंतु बोथट, जड गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते. .४४ चा नेम शंभर यार्डांवर बांधलेला असेल, तर दोनशे यार्डांवर गोळी अर्ध्या मीटरहून अधिक खाली जाते, आणि हरणाच्या छातीतील मर्मस्थान तर जेमतेम वीतभर असते. यावर कीथ यांच्या सहाशे यार्डांवरील प्रसिद्ध नेमाचा दाखला हमखास दिला जातो. त्यांनीच सांगितलेल्या हकिगतीनुसार ते हरीण सोबत्याच्या रायफलीने आधीच जखमी झालेले होते, ते निसटू नये म्हणून कीथ यांनी रिव्हॉल्व्हर उचलले, आणि सुरुवातीच्या गोळ्या कुठे पडतात ते पाहून त्यांना नेम वर सरकवत न्यावा लागला.