बॉल पायथन तुमचं माप घेत नाही

नातीनं इंग्लंडात लीड्सला बॉल पायथन, म्हणजे छोट्या जातीचा अजगर, पाळलाय हे सांगलीच्या मावशीला दोन वर्षं माहीत होतं आणि तिची काही तक्रार नव्हती. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज आला. आता रोज फोन करून विचारते, 'दिलास का गं तो साप कुणाला?'

मेसेज थोडक्यात असा. एका बाईचा पाळीव अजगर रात्री तिच्या शेजारी अंग ताणून झोपायचा. त्यानं खाणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, 'तो तुमचं माप घेतोय आणि तुम्हाला गिळायला पोट रिकामं ठेवतोय.' बाईचं नाव नाही, डॉक्टरचं नाही, गावाचं नाही. खाली 'अजगर पाळणाऱ्यांसाठी सूचना', आणि शेवटी कॅनडात अजगरानं दोन मुलांचा जीव घेतल्याची बातमी. सोबतचा फोटो बॉल पायथनचा, म्हणून उत्तरही बॉल पायथनपुरतंच.

आधी माप. अजगर दबा धरून शिकार करतो. झेप घ्यायची तर मान आणि अंगाचा पुढचा भाग नागमोडी दुमडावा लागतो, त्या वळणातूनच जोर येतो. सरळ ताणलेला साप म्हणजे उतरवलेलं धनुष्य. भक्ष्याशेजारी रात्रभर ताठ पडून राहणारा शिकारी उपाशीच मरेल. बरं, मापायचं तरी काय? मोठी बॉल पायथन मादी दीड-दोन किलोची, लांबी साधारण सव्वा ते दीड मीटर. तिचं जेवण म्हणजे शंभर-दीडशे ग्रॅमचा एक उंदीर. माणूस गिळल्याची पक्की घटना आहे, नाही असं नाही: २०१७ साली इंडोनेशियातल्या पश्चिम सुलावेसीत. पण तो जाळीदार अजगर होता, सुमारे सात मीटरचा. त्याच्यावरून बॉल पायथनला घाबरायचं तर वाघावरून मांजरालाही घाबरायला हवं.

मग तो ताठ का पडतो? बहुतेकदा ऊब असते म्हणून, किंवा फिरता फिरता थांबलाय म्हणून. मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून पडत असेल, नाकाशी बुडबुडे किंवा घरघर असेल, तर श्वसनाचा संसर्ग समजा आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. आणि मुळात साप अंथरुणात घेऊ नका. धोका त्यालाच जास्त, कुशीवर वळलात तर चिरडेल. शिवाय सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला येतो.

खाणं सोडल्याचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यामुळे उपाशी सापाकडे बघायचं सोडून माणसं त्याला घाबरतात. बॉल पायथन खाणं सोडण्यात कुप्रसिद्धच आहे. विणीच्या हंगामात नर महिनोन्‌महिने खात नाहीत. अंड्यांवर वेटोळं घालून बसलेली मादी जवळजवळ दोन महिने बहुधा काही खात नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की बरेच जण उंदराला तोंड लावत नाहीत. ही कोणाला गिळायची तयारी नव्हे. अशा वेळी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा काढा आणि आठवड्याला वजन लिहा. १६०० ग्रॅमची मादी १४४० च्या खाली गेली, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घटली, की डॉक्टर. तोवर पेटी तपासा. गरम बाजूच्या लपणात ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवं, तेही काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीच्या थर्मामीटरवर नाही, तर तारेच्या टोकाला प्रोब असलेल्या थर्मामीटरवर. हीट मॅट (ऊब देणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावली असेल तर आधी ती बंद करा, पोट भाजतं. थंड बाजू २५-२६, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. लपणं दोन हवीत, एक गरम बाजूला, एक थंड, आणि इतकी अरुंद की अंग तिन्ही बाजूंनी टेकेल. प्रशस्त लपण त्याला लपण वाटतच नाही. चारही बाजूंनी उघडी काच असेल तर तीन बाजूंना काळा कागद लावा. मग आठ-दहा दिवस हात लावू नका. न खाणारा साप बहुतेक वेळा एवढ्यानं खायला लागतो.

आता सूचना. 'एकदा रक्ताची चव लागली की हिंसक होतो.' रक्ताचा संबंध नाही, संबंध उष्णतेचा आहे. वरच्या ओठावर खाचांची रांग दिसते ना, त्यांतून त्याला उष्णता जाणवते. २०१० साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानं सापांच्या या खाचांमागचा रेणू दाखवून दिला, टीआरपीए१ नावाचं प्रथिन, आणि त्यात अजगरही होते. म्हणजे उंदराला हात लावून तोच हात पेटीत घातला, तर सापाला उंदराच्या वासाची एक ऊबदार गोष्ट जवळ येताना जाणवते. तो चावला तर चूक कोणाची? साबणानं हात धुवा. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, डोकं कोमट लागेपर्यंत. द्यायचा तो फूटभर लांबीच्या चिमट्यानं.

'फुसकारला की नाकावर टिचकी मारा, शिस्त लागते.' हे ज्यानं लिहिलं त्यानं साप पाहिलेला नाही. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाचा चेंडू करतो म्हणून तर त्याचं नाव बॉल. फुसकारणं म्हणजे 'लांब राहा'. टिचकीनं तो एवढंच शिकतो की हात आला की दुखतं. त्यापेक्षा उचलायच्या आधी कागदी टॉवेलच्या रिकाम्या नळीनं अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करा, म्हणजे जेवण नाही हे त्याला कळतं. मग डोक्यावरून हात न आणता बाजूनं, दोन्ही हातांनी मधोमध उचला. खाल्ल्यावर ४८ तास उचलू नका, नाहीतर ओकतो.

'चावला तर झटक्यात ओढून काढा.' अजिबात नको. दात बारीक आणि आत वळलेले असतात; ओढलंत तर तुमची कातडी फाटेल आणि त्याचे दात आत तुटतील. घाबरून चावलेला साप क्षणात सोडतो. खाणं समजून चावलेला धरून ठेवतो आणि वेटोळं घालतो. हात स्थिर ठेवा, वेटोळं शेपटीकडून सोडवा, डोक्यावर गार पाण्याची धार सोडा. विष नसतं. साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा.

'खायला वेगळ्या टबमध्ये काढा.' यात थोडं तथ्य आहे, मान्य. पेटी फक्त जेवणासाठीच उघडत असाल तर उघडली की तो जेवणाच्याच तयारीत असतो. पण टब हा उपाय उलटा. भुकेच्या भरात असलेल्या आणि नुकतंच पोट भरलेल्या सापाला हात लावायची वेळ दोनदा येते, आणि चावे त्याच वेळी बसतात. पाणी बदलायला, साफसफाईला एरवीही पेटी उघडत जा, काम झालं.

पिल्लं जास्त फटके मारतात हेही खरं. घाना-टोगो-बेनिनच्या फार्मवरून आलेले, गोचिडांनी भरलेले सापही मारतात. ते घाबरलेले असतात, खुनशी नव्हे.

कॅनडातली बातमी खरी आहे. २०१३, कॅम्पबेल्टन. साप होता आफ्रिकन रॉक पायथन, सुमारे चार मीटरचा. तेवढं मेसेजमध्ये वगळलंय.

मावशीला सांगलीत जपायचंय ते दुसऱ्याच सापाला. अंगावर गोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या, जाड अंग, त्रिकोणी डोकं, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज: ती घोणस, अत्यंत विषारी. तिला अजगराचं पिल्लू समजून उचलणारी माणसं आपल्याकडे आहेत. दिसली तर लांबूनच नजर ठेवायची आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ ला फोन करायचा.