जपान-कोरिया, व्हाया पासबुक

काउंटरवरच्या मॅडमनी माझा क्लोजिंग बॅलन्स मोठ्यानं वाचला. मी बहिरी नाही, त्याही नसाव्यात; पण मध्ये काच आली की माणसाला आपण एस. पी. कॉलेजच्या मैदानावर सभा घेतोय असं वाटायला लागतं. आकडा शेवटच्या पैशापर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि जपानला जाताय?"

"जपान आणि कोरिया," मी म्हटलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि स्टेटमेंट पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

हे कालचं आहे. राग अजून उतरलेला नाही.

झालंय असं, की आमच्या घराला सहकुटुंब संस्कृती अनुभवायची आहे. मुलीला सोल हवंय. ती मनानं तिथंच राहते, इथं फक्त जेवायला येते. मुलाला तोक्यो हवंय. नवऱ्याला शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, हवी आहे, आणि ती १९६४ पासून धावते हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला, परवा गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही, सांगतो. सासूबाईंना कुठलाही देश चालेल, पानात मासळी येता कामा नये. मला क्योतोतल्या एखाद्या बागेत तासभर बसायचंय, "आई, माझा चार्जर कुठाय" हे न ऐकता. प्लॅनिंग अर्थातच माझ्याकडे, कारण "तुला आवडतं हे सगळं."

व्हिसासाठी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, शिक्का मारलेलं. म्हणून मी त्या काचेसमोर.

"मिस्टरांच्या अकाउंटचं नाही आणलं?" मॅडमनी विचारलं.

"पगार माझा आहे, अर्ज माझा आहे."

"तसं नाही हो. जरा वजन पडतं."

यावर मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "जपानला काय काम काढलंत, ताई?"

मागे एक काका उभे होते. कापडी पिशवी, पिशवीत छत्री, हातात प्लॅस्टिकच्या कव्हरमधलं पासबुक. पासबुक भरायच्या मशीनवर 'बंद आहे' असा कागद चिकटवला होता, त्यामुळे काकांकडे वेळ होता. मशीन बंद असलं की बँकेत येणारी माणसं घरी जातात असा माझा समज होता. ती माणसं रांगेत उभी राहतात आणि दुसऱ्यांच्या आयुष्यात लक्ष घालतात.

"काम नाही, फिरायला," मी म्हटलं. "तिकडची संस्कृती बघायला."

काकांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "आपली बघून झाली का सगळी?"

आता यावर काय बोलणार? 'नाही' म्हटलं तर आधी ती बघा, 'हो' म्हटलं तर परीक्षा. मी हसले. पुण्यात अनोळखी माणसासमोर हसू नये, तो त्याला परवानगी समजतो. काकांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला.

तो कागद म्हणजे आमचा तक्ता. जपानच्या व्हिसासाठी प्रत्येक तारखेला तुम्ही कुठं असणार, काय करणार, मुक्काम कुठं, हे ओळीनं लिहून द्यावं लागतं. माझ्या नवऱ्याला मी रविवारी दुपारी कुठं असते ते सांगता येणार नाही, पण जपान सरकारला सांगता येईल. काकांनी चष्मा बदलला आणि तक्ता वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं.

"कोराकुएन, ओकायामा. हे काय?"

"बाग आहे. तीनशे वर्षांपूर्वीची."

"अहो, ती सिंहगड रोडला आहे! पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामाच्याच बागेवरून केलंय. स्वारगेटहून रिक्षा करा."

अडचण अशी, की काका खरं बोलत होते. खोटं बोलणाऱ्या माणसाला उडवून लावता येतं.

"फुजी. उंची किती?"

"३७७६ मीटर."

"आणि आपलं कळसूबाई?"

"१६४६."

"उंचीचं राहू द्या. कळसूबाईवर देवीचं देऊळ आहे. तिथं आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "वर शिंतो देवस्थान आहे."

"कुणाचं?"

"देवीचंच."

"मग तेच की!" काकांनी मागच्या रांगेकडे बघून मान डोलावली. रांगेनंही डोलावली.

शिंकान्सेनवर काका म्हणाले, ती तर आपल्याकडेच येते आहे, मुंबई-अहमदाबाद, तेच तंत्रज्ञान, थोडं थांबा. "किती थांबू?" असं मी विचारलं, त्यावर ते पुढच्या ओळीकडे वळले. चेरीच्या बहराला त्यांनी ताम्हण लावून दिलं: राज्यपुष्प, शिवाय फुकट. बहराचा विषय निघाला म्हणून सांगते, त्या चेरीनं आमचा छळ मांडलाय. तोक्योत ती मार्चच्या शेवटाला फुलते आणि फुलल्यावर जेमतेम आठवडाभर टिकते. नेमकी तेव्हाच आमच्याकडे मुलांची वार्षिक परीक्षा. परीक्षा संपून सुट्टी लागते तोवर तिकडे गोल्डन वीक, म्हणजे २९ एप्रिल ते ५ मे अख्खा जपान स्वतःच जपान बघायला बाहेर पडतो आणि हॉटेलांचे दर गगनाला. जूनमध्ये पाऊस. दिवाळीच्या सुट्टीत जावं तर क्योतोतली मेपलची पानं लाल व्हायला नोव्हेंबरची अखेर उजाडते. शाळेत जाणारी मुलं असलेल्या मराठी आईबापांनी जपानमध्ये हिरवी पानं बघावीत, अशीच निसर्गाची इच्छा दिसते. काकांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. ते ओनसेनवर पोचले होते.

"हे काय आहे?"

"गरम पाण्याचे झरे."

"वज्रेश्वरी," काका म्हणाले. त्यांना अर्धा सेकंदही लागला नाही.

ओनसेन आणि वज्रेश्वरीत एक मोठा फरक आहे. तो बँकेच्या रांगेत सांगण्यासारखा नाही, म्हणून मी गप्प बसले. पण चेक घेऊन उभा असलेला एक तरुण मुलगा गप्प बसला नाही. "तिथं कपडे काढून बसतात ना, काकू? मी रील पाहिलंय."

शाखेत शांतता पसरली. मॅडमचा शिक्क्याकडे जाणारा हात थांबला.

"बायका वेगळ्या, पुरुष वेगळे," मी घाईघाईनं म्हटलं. "आधी साबणानं अंघोळ करायची, मग पाण्यात बसायचं."

"सासूबाई पण येणार आहेत का?" मॅडमनी विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना माझ्या प्रवासात खरा रस वाटला होता.

सासूबाईंची अडचण निराळीच आहे, पण ती तरी कशी सांगणार? बऱ्याच ओनसेनमध्ये टॅटू असलेल्यांना घेत नाहीत, कारण तिकडे अंगभर गोंदवून घेणारे म्हणजे याकुझा, गुंडांच्या टोळ्या. आणि सासूबाईंच्या हातावर लहानपणी जत्रेत काढलेलं तुळशीवृंदावन आहे. काही ठिकाणी म्हणे गोंदणावर पट्टी चिकटवून आत सोडतात. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तुळशीला पट्टी? मी नाही लावणार." तेव्हा आमच्या घरात एक जहाल याकुझा आहे आणि ती बाहेर बाकावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळणार आहे, असं तूर्त ठरलंय.

"कोयासान," काकांनी पुढची ओळ वाचली.

"डोंगरावर बौद्ध मठांची वस्ती आहे. मठातच राहायचं, जेवण शुद्ध शाकाहारी. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, २०१५ साली बसवलेला."

काका याला जोडी शोधत असताना दारापाशी उभा असलेला रखवालदार पुढे आला. इतका वेळ त्यानं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "ताई, तिथं जायचं कसं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, ओसाकापर्यंत जायचं, तिथून आगगाडी, शेवटी चढावर केबल कार. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग "फोटो आणा" म्हणाला आणि पुन्हा दारापाशी जाऊन उभा राहिला. एवढ्या गर्दीत 'तिथं काय ठेवलंय' असं न विचारणारा तो एकटा.

कोरियाचं पान आलं तेव्हा काका थोडे दमले होते. "जपान काय नि कोरिया काय," मॅडम आतून म्हणाल्या, "तिकडचंच सगळं." हे माझ्या मुलीनं ऐकलं असतं तर काच टिकली नसती. १९१० ते १९४५ जपाननं कोरियावर राज्य केलं, आणि ते कसं केलं, हे अकरावीतली ही मुलगी जेवताना सांगते. भावाच्या ताटाकडे बघून. गेल्या आठवड्यात तर तिनं 'जपान-कोरिया' असं एका दमात म्हणायलाच बंदी घातली.

"ग्योंगबोकगुंग," काका अडखळत म्हणाले.

"राजवाडा. १३९५ चा."

"शनिवारवाडा!"

"तो जळला ना, काका. १८२८ ला."

"आणि हा?"

"हाही जळला होता. १५९२ ला. मग एकोणिसाव्या शतकात परत बांधला. जपानी आले, त्यांनी बराचसा पाडला. आता पुन्हा बांधतायत, एकेक दालन."

काकांनी तक्ता खाली केला. "परत बांधला?" ते म्हणाले. "दोनदा?" मग थोडं थांबून, "आम्ही लाइट अँड साउंड शो केला." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि पासबुक उघडून त्यात बघत उभे राहिले. त्यात भरलेलं काहीच नव्हतं, मशीन बंद होतं.

शिक्का मिळाला. तिरका पडला, पण मिळाला.

घरी येऊन बाकीची कागदपत्रं मांडली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. पगाराच्या स्लिपा, आयकराची विवरणपत्रं, ऑफिसचं पत्र, परतीचं बुकिंग. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मी परत येणार हे पटवून देण्यासाठी. अहो, ज्या घरात इन्व्हर्टरचं पाणी संपलंय हे फक्त मला कळतं, ते घर मला सोडेल का? आणि गंमत बघा, जपानी किंवा कोरियन पर्यटक मुंबईला उतरला तर आपण त्याला विमानतळावरच व्हिसा देतो. त्याच्या मिस्टरांच्या खात्यात किती वजन आहे हे कुणी विचारत नाही, रांगेतले काका त्याचा तक्ता वाचत नाहीत. त्याला वेरूळ बघायचंय एवढं पुरतं. मी वीस वर्षं कर भरून एका देशातून दुसऱ्या देशातली बाग बघायला निघाले, तर आधी माझी सहा महिन्यांची किराणा बिलं दोन दूतावासांनी तपासायची. त्यांचे नियम, त्यांचा देश, ते ठीकच आहे. पण संस्कृतीची सुरुवात शिक्क्याच्या रांगेत होते हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

खर्चाचंही तसंच. सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला, हे नवऱ्यानं मला अशा आवाजात सांगितलं की वाढवणारी मीच. मग त्याला एक आशेचा किरण सापडला: हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून गेलं तर ग्योंगबोकगुंगमध्ये प्रवेश फुकट. तिकीट वाचलं म्हणून स्वारी दिवसभर खुशीत. ते तिकीट ३००० वॉनचं, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत, आणि भाड्याचा हानबोक त्याच्या कित्येक पट महाग, हे मुलीनं रात्री सांगितलं. त्यावर तो "अनुभव महत्त्वाचा" म्हणाला. हा अनुभव पासच्या वेळी कुठं गेला होता?

उरला सासूबाईंच्या पोटाचा प्रश्न. जपानी मिसो सूप दिसायला सात्त्विक, पण त्यातला दाशी, म्हणजे मूळचा अर्क, बहुधा सुकवलेल्या माशाचा. कोरियन किमची म्हणजे कोबीच, पण मुरवताना त्यात बारीक कोळंबी नाहीतर माशाचा सॉस पडतो. उपाय एकच, मठातलं जेवण. दोन्ही देशांत भिक्षूंचं जेवण शाकाहारी, वर कांदा-लसूणही वर्ज्य. हे ऐकून सासूबाई चकित झाल्या. "म्हणजे बारा महिने चातुर्मास!" त्यांनी जपानला पास केलं.

त्या भरात मी त्यांना गणपतीचं सांगितलं. तोक्योत असाकुसाजवळ मात्सुचियामा नावाचं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, भारतातून चीनमार्गे गेलेला. त्याला तिथं मुळा वाहतात, पांढरा, हातभर लांब, अख्खा.

"मुळा?" सासूबाई म्हणाल्या. "गणपतीला?"

"मोदकासारखाही एक तळलेला प्रकार असतो, आई."

"मूर्ती कशी आहे? सोंड डावी की उजवी?"

इथं मला सांगावं लागलं, की मूर्ती दाखवत नाहीत. ती कायम बंद असते.

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "दर्शन नाही. आणि मुळा आपण न्यायचा." त्यांनी थोडा विचार केला. "मग एवढं विमानानं जायचं कशाला? सारसबागेत जाऊ की."

मी तक्त्यात ती ओळ अजून खोडलेली नाही. मुळा इथूनच न्यायचा का, तिकडे महाग असेल, असं नवरा मघाशी विचारत होता. त्याला मी उत्तर दिलेलं नाही.